आपले गाव आणि विद्यापीठाचे शहर: दोन्हींचे वर्णन कसे लिहावे

विद्यापीठात नव्याने दाखल झालेल्या विद्यार्थ्याला पहिल्या काही आठवड्यांत एक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो, "तुमचे गाव कोणते?" आणि पहिल्या सुटीत तो घरी गेला की घरची माणसे विचारतात, "तिथले शहर कसे आहे?" तोंडी उत्तर देताना दोन-चार वाक्यांत वेळ निभावून नेता येते. परंतु भाषेच्या वर्गातील निबंध, शिष्यवृत्तीच्या अर्जासोबतचे निवेदन, वसतिगृहाच्या वार्षिक अंकातील लेख किंवा पुढच्या वर्षी येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी लिहायची माहिती अशा एखाद्या निमित्ताने हेच उत्तर कागदावर उतरवायचे झाले, की बहुतेकांची लेखणी "माझे गाव फार सुंदर आहे" आणि "हे शहर मोठे व गजबजलेले आहे" या दोन वाक्यांपाशी अडते. या वाक्यांत खोटे काहीच नसते. मात्र ती जगातल्या कोणत्याही गावाला आणि कोणत्याही शहराला लागू पडत असल्यामुळे त्यांतून वाचकाच्या डोळ्यांसमोर काहीच उभे राहत नाही.

या दोन वर्णनांतली अडचण एकसारखी नसते, किंबहुना ती परस्परविरुद्ध असते. गाव इतके सवयीचे झालेले असते की त्यातले काय सांगण्याजोगे आहे हेच आपल्या ध्यानात येत नाही. शहर मात्र इतके नवे असते की त्यातली प्रत्येक गोष्ट डोळ्यांत भरते, पण ती तशी का आहे हे कळलेले नसते. म्हणून गावाकडे काही काळ परक्याच्या नजरेने पाहावे लागते, आणि शहराविषयी लिहिण्यापूर्वी तेथे मुरलेल्या माणसांचे ऐकावे लागते. पुढे सांगितलेल्या पायऱ्या याच एका विचारातून आलेल्या आहेत.

पहिली पायरी: वाचक कोण आहे ते ठरवणे

गावाचे वर्णन बहुधा शहरातला माणूस वाचणार असतो आणि शहराचे वर्णन गावाकडचा. वर्गमित्राला तुमच्या गावातील नदीचे नाव सांगून काही उपयोग होत नाही; ती बारमाही आहे की उन्हाळ्यात कोरडी पडते, आणि ती ओलांडायला पूल आहे की नाही, हे सांगितले तर उपयोग होतो. वाचकाला आधीपासून काय माहीत आहे याची एका ओळीत नोंद करून ती लिहिताना समोर ठेवावी. एवढी एक ओळ निम्मी अनावश्यक वाक्ये आपोआप गाळते.

दुसरी पायरी: नेमके कोणते गाव आणि केवढे

मराठीत "गाव" हा शब्द ऐसपैस आहे. लाखो वस्तीच्या शहरात जन्मलेला माणूसही सहज "माझे गाव" म्हणतो, आणि ज्या ठिकाणी आपण कधी राहिलोच नाही, पण जेथून आजोबा-पणजोबा निघाले, तेही "मूळ गाव" असते. जन्मगाव वेगळे, आजोळ वेगळे, शाळेची वर्षे गेली ते ठिकाण आणखी वेगळे. वर्णन करताना यांपैकी कोणते अभिप्रेत आहे ते पहिल्या परिच्छेदातच स्पष्ट करावे. ज्यांचे बालपण आईवडिलांच्या बदल्यांमुळे दोन-तीन ठिकाणी विभागले गेले, त्यांना या प्रश्नाने अवघडल्यासारखे होते. त्यांनी सगळी ठिकाणे एका लेखात कोंबू नयेत; ज्या ठिकाणचे रस्ते नकाशाशिवाय सांगता येतात ते निवडावे आणि बाकीच्यांचा उल्लेख एका वाक्यात करून पुढे जावे, असे माझे मत आहे.

आकार सांगताना "लहान" आणि "मोठे" हे शब्द फसवे ठरतात, कारण ते सांगणाऱ्याच्या अनुभवावर अवलंबून असतात. संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने २०२० मध्ये देशोदेशींच्या वस्त्यांची तुलना करता यावी म्हणून एक पद्धत मान्य केली. तिच्यानुसार दर चौरस किलोमीटरला किमान १,५०० माणसे अशा दाटीची सलग वस्ती ५०,००० किंवा त्याहून अधिक असेल तर ते शहर, आणि दर चौरस किलोमीटरला किमान ३०० अशा दाटीची सलग वस्ती किमान ५,००० असेल तर ते नगर किंवा निमदाट वस्तीचा भाग समजला जातो. प्रत्येक देशाची स्वतःची व्याख्या याहून निराळी असू शकते, परंतु दोन वेगळ्या देशांतील ठिकाणांची तुलना करायची असेल तर ही मोजपट्टी हाताशी असलेली बरी.

लोकसंख्येचा आकडा देताना त्याचे वर्ष आणि त्याची हद्द या दोन्ही गोष्टी सांगाव्यात. हद्द बदलली की आकडा किती बदलतो याचे टोकियो हे चांगले उदाहरण आहे. तेथील २३ विशेष प्रभागांची वस्ती सुमारे ९७ लाख आहे, टोकियोच्या संपूर्ण प्रशासकीय प्रदेशाची सुमारे १ कोटी ४० लाख आहे, आणि लगतची शहरे धरून होणाऱ्या महानगराची सुमारे ३ कोटी ७० लाख आहे. तिन्ही आकडे बरोबर आहेत, आणि हद्द न सांगता दिला तर त्यांपैकी कोणताही आकडा वाचकाची दिशाभूल करू शकतो.

तिसरी पायरी: जागा, अंतर आणि हवा

ठिकाण कोठे आहे हे सांगताना वाचकाला ठाऊक असलेल्या जवळच्या मोठ्या ठिकाणापासून सुरुवात करावी, मग दिशा, अंतर आणि प्रवासाला लागणारा वेळ सांगावा. नकाशावरचे सरळ रेषेतले अंतर आणि रस्त्याने पडणारे अंतर यांत, विशेषतः मध्ये डोंगर किंवा खाडी असेल तर, पुष्कळ फरक पडतो. म्हणून कोणते अंतर दिले आहे ते लिहावे. शहराच्या आतले अंतर मिनिटांत सांगितलेले अधिक चांगले समजते. मोकळ्या सपाट रस्त्यावर साधारण वेगाने चालणारा माणूस एक किलोमीटर सुमारे १२ मिनिटांत पार करतो, त्यामुळे "वसतिगृहापासून ग्रंथालय चालत २५ मिनिटांवर आहे" या वाक्यात अंतरही येते आणि रोजचा दिवसही येतो.

हवेविषयी लिहिताना "हवा छान आहे" असे न लिहिता सर्वांत उष्ण व सर्वांत थंड महिन्यांची सरासरी तपमाने आणि पावसाचे महिने द्यावेत. हवामान खात्यांच्या अशा सरासऱ्या साधारणपणे ३० वर्षांच्या नोंदींवरून काढतात, आणि सध्या त्यासाठी १९९१ ते २०२० हा कालखंड वापरला जातो. एका वर्षीच्या उन्हाळ्यावरून शहराची हवा ठरवण्यापेक्षा हा आधार कितीतरी भक्कम आहे. त्यासोबत दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली समुद्रसपाटीपासूनची उंची, कारण दर १,००० मीटर चढल्यावर हवा सरासरीने सुमारे ६.५ अंश सेल्सिअसने थंड होते. इक्वेडोरची राजधानी क्विटो हे शहर विषुववृत्ताच्या अगदी जवळ असूनही सुमारे २,८०० मीटर उंचीवर असल्यामुळे तेथील हवा वर्षभर सौम्य राहते. दुसरी गोष्ट अक्षांश, कारण त्यावर दिवसाची लांबी ठरते. सेंट पीटर्सबर्ग सुमारे ६० अंश उत्तर अक्षांशावर आहे. तेथे जूनच्या अखेरीस दिवस सुमारे १९ तासांचा आणि डिसेंबरच्या अखेरीस सुमारे ६ तासांचा असतो. विषुववृत्ताजवळच्या गावातून अशा शहरात शिकायला गेलेल्या विद्यार्थ्याने थंडीविषयी चार वाक्ये लिहावीत आणि दुपारी मावळणाऱ्या सूर्याविषयी एकही लिहू नये, असे घडता कामा नये.

चौथी पायरी: गाव परक्याच्या नजरेने पाहणे

येथे थोडे अधिक थांबावे लागेल. १९६० च्या सुमारास केविन लिंच या नगररचनाकाराने बोस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजेलिस या तीन शहरांतील रहिवाशांना आपल्या शहराचा नकाशा आठवणीतून काढायला सांगितला आणि त्यावरून माणसाच्या मनातले शहर पाच घटकांचे बनलेले असते असे मांडले: ये-जा करण्याच्या वाटा, नदी, किनारा किंवा लोहमार्ग यांसारख्या कडा, वेगळी ओळख असलेले विभाग, वाटा जेथे एकत्र येतात ते नाके, आणि दुरून ओळखू येणाऱ्या खुणा. तुमच्या गावासाठी हाच प्रयोग करून पाहावा. कोरा कागद घ्यावा, अर्ध्या तासात गावाचा नकाशा आठवणीतून काढावा, आणि मगच तो छापील नकाशाशी किंवा २००४ मध्ये सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅपसारख्या सर्वांसाठी खुल्या नकाशाशी ताडून पाहावा.

या ताडण्यातून जे कळते ते बसल्या जागी विचार करून कळत नाही. घर ते शाळा हा रस्ता तुम्ही खऱ्या प्रमाणापेक्षा लांब काढलेला असतो, कारण त्यावर लहानपण गेलेले असते. गावाचा एखादा सबंध भाग कोरा राहिलेला असतो, आणि तो का राहिला हा प्रश्न टाळू नये. तेथे नातेवाईक नव्हते, की तो भाग गावाच्या मनाने गावाबाहेर होता? गावाचे प्रामाणिक वर्णन पुष्कळदा या कोऱ्या जागेपासून सुरू होते. पुढच्या सुटीत त्या भागातून पायी फिरून यावे, आणि एकदा पहाटे, एकदा भर दुपारी, एकदा दिवेलागणीला, असे वेगवेगळ्या वेळी जावे. कारण माणसे, आवाज आणि सावल्या वेळेप्रमाणे बदलतात, आणि आपल्याला आठवत असते ती बहुधा संध्याकाळच.

त्यानंतर दोन प्रश्नांची उत्तरे शोधावीत. ही वस्ती येथेच का वसली, आणि आज ती कशावर उभी आहे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुधा जमिनीत आणि पाण्यात सापडते: नदीचा उतार, गोड्या पाण्याचा झरा, वाऱ्यापासून आडोसा असलेले बंदर, दोन व्यापारी वाटांचा संगम, खाण, किल्ला, रेल्वेचे जंक्शन. दुसऱ्याचे उत्तर आजच्या कामधंद्यात सापडते. ज्या गावात ही दोन उत्तरे एक आहेत त्याची कथा वेगळी, आणि ज्या गावात बंदर गाळाने भरले किंवा खाण बंद पडली तरी माणसे राहिली, त्याची कथा वेगळी. वडीलधाऱ्यांना विचारताना "पूर्वी गाव कसे होते?" असा मोघम प्रश्न विचारू नये, कारण त्याला मोघमच उत्तर मिळते. "पाणी कोठून आणत होता? पहिला दवाखाना कोठे होता? या रस्त्यावर दिवे कधी आले?" असे विचारले की आठवणी आपोआप सुटत जातात.

गावाच्या नावाची व्युत्पत्ती सांगण्याचा मोह फार होतो. दंतकथा जरूर सांगावी, पण ती दंतकथा आहे असे म्हणून सांगावी, आणि जेथे नोंद उपलब्ध आहे तेथे नोंद द्यावी. १७०३ मध्ये वसवलेले सेंट पीटर्सबर्ग १९१४ मध्ये पेट्रोग्राड, १९२४ मध्ये लेनिनग्राड आणि १९९१ मध्ये पुन्हा सेंट पीटर्सबर्ग झाले. त्या नावांच्या तारखांतच तेथील शतकाचा राजकीय इतिहास येऊन जातो. तुमच्या गावाचे, चौकाचे किंवा शाळेचे नाव बदलले असेल तर ते कधी आणि कोणत्या घटनेनंतर बदलले, एवढे दोन तपशील पुरेसे असतात.

आणखी एक गोष्ट सहज नजरेतून निसटते, ती म्हणजे गावात आता कोण नाही. अमेरिकेच्या जनगणनेत १९५० पासून, आणि इंग्लंड व वेल्समध्ये २००१ पासून, बाहेरगावी शिकणारा विद्यार्थी घरच्या पत्त्यावर न मोजता शिक्षणाच्या ठिकाणी मोजला जातो. अशी मोजणी जेथे होते तेथे विद्यापीठाचे शहर आकडेवारीत अधिक तरुण दिसते, आणि ज्या गावांतून मुले शिकायला जातात ती अधिक वयस्कर दिसतात. "आमच्या गावात हल्ली तरुण दिसत नाहीत" असे लिहिताना ते न दिसण्यात तुमचाही वाटा आहे, हे वर्णनात यायला हवे. त्याने लेखाला खरेपणा येतो.

पाचवी पायरी: शहराविषयी घाई न करणे

विद्यापीठाच्या शहरात पहिल्या दिवसापासून टिपणे ठेवावीत आणि प्रत्येक टिपणावर तारीख घालावी. पहिल्या आठवड्यात खटकलेली गोष्ट तिसऱ्या महिन्यात दिसेनाशी होते, म्हणून ती त्याच वेळी लिहून ठेवणे आवश्यक आहे. मात्र त्या टिपणांवरून निष्कर्ष लगेच काढू नयेत. "येथील माणसे तुसडी आहेत" हा निष्कर्ष झाला. "बसमध्ये शेजारी बसलेले कोणीही एकमेकांशी बोलत नाही" हे निरीक्षण झाले. लेखात निरीक्षण ठेवावे. त्यामागचे कारण कळायला बहुधा एक सत्र तरी जावे लागते.

नव्या विद्यार्थ्याचे शहर म्हणजे प्रत्यक्षात वसतिगृह, वर्ग, ग्रंथालय आणि स्थानक यांना जोडणारी एक चिंचोळी पट्टी असते. ही मर्यादा लपवू नये. "मी शहराच्या पूर्व भागात राहतो आणि पश्चिम भाग मला फारसा ठाऊक नाही" असे लिहिणाऱ्यावर वाचकाचा विश्वास बसतो. ती पट्टी रुंद करायची असेल तर दर आठवड्याला एखाद्या वेगळ्या मार्गाच्या शेवटच्या थांब्यापर्यंत जाऊन परत यावे. शेवटच्या थांब्यावर शहर जेवढे उघडे दिसते तेवढे ते मध्यवर्ती चौकात दिसत नाही.

विद्यापीठ आणि शहर यांचे नाते कोणत्या प्रकारचे आहे, हे या वर्णनाचे मर्म आहे. काही ठिकाणी विद्यापीठाभोवती शहर वाढलेले असते, काही ठिकाणी अफाट शहरात विद्यापीठ ही अनेक संस्थांपैकी एक असते, आणि काही ठिकाणी विद्यापीठाचे आवार शहराबाहेर असल्यामुळे विद्यार्थ्यांचा आणि शहराचा संबंध फक्त सुटीच्या दिवशी येतो. जेथे नाते जुने आहे तेथे ते दगडविटांतही उतरलेले असते. इटलीतील बोलोन्या येथील विद्यापीठाची स्थापना परंपरेने १०८८ ची मानली जाते. मध्ययुगात विद्यार्थी आणि इतर स्थलांतरित यांची गर्दी वाढली तशी तेथील घरांचे वरचे मजले रस्त्यावर पुढे काढले गेले, त्यांना खाली खांबांचा आधार दिला गेला, आणि १२८८ मध्ये तर घरमालकांनी असे छतदार पदपथ बांधावेत व राखावेत असा नियमच झाला. आज त्यांची एकूण लांबी सुमारे ६२ किलोमीटर आहे आणि २०२१ मध्ये त्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. तेथे शिकणाऱ्या विद्यार्थ्याने "पदपथ सुंदर आहेत" एवढेच लिहिले तर आपल्यासारख्याच विद्यार्थ्यांच्या राहण्याच्या गरजेने ते घडवायला हातभार लावला, हे सांगायचे राहून जाते. तुमच्या शहरात अशी कोणती गोष्ट आहे जी विद्यार्थ्यांमुळे तशी झाली, याचा शोध घ्यावा. ती भव्य असण्याची गरज नाही, रात्री उशिरापर्यंत उघडी असणारी झेरॉक्सची दुकानेही चालतील.

हे नाते नेहमी गोड असतेच असे नाही. ऑक्सफर्डमध्ये १३५५ मध्ये दारूच्या गुत्त्यातील भांडणावरून विद्यार्थी आणि नगरवासी यांच्यात दंगल उसळली आणि अनेकांचे प्राण गेले. त्याआधी १२०९ मध्ये अशाच तंट्यानंतर ऑक्सफर्ड सोडून गेलेल्या विद्वानांपासून केंब्रिजच्या विद्यापीठाची सुरुवात झाली. आजचे वाद घरभाडे, आवाज आणि पार्किंग यांवरून होतात. रहिवाशांची बाजू ऐकल्याशिवाय शहराचे वर्णन पूर्ण झाले असे समजू नये: घरमालकीण, बसचालक, ग्रंथालयातील कर्मचारी, विद्यापीठाशी काहीही संबंध नसलेला शेजारी यांच्याशी बोलावे. आणि सुटीत एकदा तरी काही दिवस मागे राहावे. विद्यार्थी निघून गेल्यावर जे उरते ते शहर वेगळे असते, आणि त्यातल्या लोकांच्या दृष्टीने कदाचित तेच खरे असते.

सहावी पायरी: दोन्ही ठिकाणे एका मोजपट्टीवर

दोन वर्णने शेजारी ठेवताना एक चूक सर्रास होते. गावाविषयी माणसांची, सणांची व आठवणींची वाक्ये येतात आणि शहराविषयी इमारतींची, वाहतुकीची व गर्दीची. मग गाव प्रेमळ आणि शहर कोरडे असा निवाडा आपोआप तयार होतो, पण तो ठिकाणांचा नसतो, वेगवेगळ्या मोजपट्ट्यांचा असतो. त्यापेक्षा चार-पाच प्रश्न निवडून तेच दोन्ही ठिकाणांना विचारावेत. अनोळखी माणसाला रस्ता विचारला तर काय होते? रात्री दहानंतर कोणते आवाज ऐकू येतात? आजारी पडल्यावर पहिली मदत कोण करते? पाणी कोठून येते? एकट्या मुलीला अंधार पडल्यावर बाहेर फिरता येते का? हा शेवटचा प्रश्न बहुतेक वर्णनांत येत नाही, आणि तो यावा असे मला मनापासून वाटते, कारण ठिकाणाविषयीचे अनेक गोड समज त्याच्या उत्तरापाशी तपासले जातात.

मांडणी करताना गावाचा एक सलग भाग आणि शहराचा एक सलग भाग केला तरी चालते, किंवा प्रत्येक प्रश्नाखाली दोन्ही ठिकाणे घेतली तरी चालते. नवख्याला पहिली रीत सोपी जाते. दोन भागांना जोडण्यासाठी मधला प्रवास वापरावा: कोणत्या वाहनाने, किती तासांत, वाटेत भाषा, झाडे, घरांची छपरे आणि लोकांचे पोशाख कोठे बदलतात.

सातवी पायरी: फेरवाचन

पहिला खर्डा झाल्यावर त्यातली "सुंदर", "निसर्गरम्य", "ऐतिहासिक", "गजबजलेले", "आधुनिक" ही विशेषणे खोडून पाहावीत. ज्या वाक्यातून विशेषण काढल्यावर काहीच उरत नाही, त्या वाक्यात एखादा तपशील घालावा किंवा ते वाक्य सोडून द्यावे. भाडे, तिकीट अशा बदलत्या गोष्टींच्या पुढे महिना व वर्ष लिहावे. लेख अनोळखी लोकांपर्यंत जाणार असेल तर घराचा पत्ता, खोलीचा क्रमांक, रोजची जाण्यायेण्याची वेळ आणि शेजाऱ्यांची नावे काढून टाकावीत.

मग तो दोन माणसांना वाचून दाखवावा: गाव न पाहिलेल्या एका वर्गमित्राला आणि शहर न पाहिलेल्या घरच्या एका माणसाला. "आवडला का?" असे विचारू नये. ऐकून झाल्यावर त्यांना न पाहिलेल्या ठिकाणाचा साधा नकाशा काढायला सांगावा. नदी चुकीच्या बाजूला गेली किंवा विद्यापीठ कागदाच्या बाहेर राहिले, तर कोणता परिच्छेद पुन्हा लिहायचा ते लगेच समजते.

शेवटी "येणे" आणि "जाणे" ही दोन क्रियापदे संपूर्ण लेखात शोधून त्यांच्याखाली रेघ ओढावी. मराठीत बोलणारा जेथे उभा असतो तिकडे "येतो" आणि तेथून दूर "जातो", त्यामुळे "सुटीत मी घरी येतो" आणि "सुटीत मी घरी जातो" या दोन वाक्यांत लिहिणाऱ्याची जागा वेगळी असते. एकाच लेखात ही जागा नकळत बदलत असेल तर वाचक गोंधळतो, म्हणून एक जागा ठरवून क्रियापदे सारखी करावीत. पहिल्या वर्षी बहुतेकांची जागा गावात असते. तुमची ज्या बाजूला असेल तेथेच ती राहू द्यावी, खर्ड्याखाली तारीख घालावी, आणि शिक्षणाच्या शेवटच्या वर्षी हाच लेख पुन्हा लिहायला घेतल्यावर जुन्या खर्ड्यातली ती दोन क्रियापदे पुन्हा शोधून पाहावीत.